निखाऱ्यावरची माणकी : पाकशास्त्र आणि पथ्यापथ्य

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी, शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात, स्क्विड नावाच्या सागरी प्राण्याशी आपणा डॉक्टरमंडळींचा परिचय होतो. या प्राण्याच्या अंगात सुमारे एक मिलिमीटरपर्यंत जाडीचे मज्जातंतू असतात, याकडे जे. झेड. यंग यांनी १९३६ साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्याच तंतूंवर प्रयोग करून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी मज्जातंतूतून संदेश कसा वाहतो याचे गणित १९५२ साली मांडले आणि १९६३ साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. आपण गोव्यात ज्याला माणकी म्हणतो आणि मालवण-रत्नागिरीकडे ज्याला माकूल किंवा म्हाकूल म्हणतात, ते याच प्राण्याच्या कुळातले. मात्र त्याचे स्वयंपाकघरातील शास्त्र आपल्याला कोणी शिकविले नाही.

माणकीविषयी दोन प्रश्न मला दवाखान्यात आणि स्नेहमेळाव्यांत नेहमी विचारले जातात. घरी केलेली माणकी रबरासारखी चिवट का होते, हा पहिला. आणि कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने ती खावी का, हा दुसरा. हे प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांचा परस्परांशी संबंध आहे. चिवटपणाच्या धास्तीने आपण माणकीला रव्यात घोळवून तेलात तळतो आणि पथ्याला बाधते ती बहुतेक वेळा ही तळणीच. निखाऱ्यावर किंवा तापलेल्या जाळीवर दोन-तीन मिनिटांत भाजलेली माणकी दोन्ही अडचणींतून वाट काढते. ती कशी, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

चिवटपणाचे मूळ

आपण खातो तो नळीसारखा भाग म्हणजे माणकीचा स्नायुमय अंगरखा. या नळीत पाणी भरून घेऊन ती एकदम आवळायची आणि पाण्याच्या झोताने मागे सुसाट निसटायचे, ही माणकीची पळण्याची रीत. सारी नळी एकाच क्षणी आवळली जावी म्हणून संदेश अतिशय वेगाने पोचावा लागतो. ते जाडजूड मज्जातंतू त्यासाठीच असतात. नळीच्या भिंतीत स्नायूंचे बारीक तंतू दाटीवाटीने गोलाकार बसलेले असून आतल्या व बाहेरच्या बाजूंस कोलॅजेनचे बळकट पदर असतात. माशांच्या मांसापेक्षा माणकीत कोलॅजेनचे प्रमाण बरेच अधिक असते.

उष्णता लागली की प्रथम स्नायूतील प्रथिने गोठतात आणि अर्धपारदर्शक मांस पांढरे होते. साधारण ५५ ते ५७ अंश सेल्सिअसपर्यंत ते मऊ आणि रसाळ असते. ६० अंशांच्या पुढे कोलॅजेनचे पदर आक्रसू लागतात, नळी आखडते आणि आतील पाणी पिळून बाहेर पडते. हीच ती रबराची अवस्था. यानंतरही मंद आचेवर तासभर शिजवत ठेवले, तर कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि मांस पुन्हा मऊ पडते. म्हणून माणकी एक तर दोन-तीन मिनिटांत उतरवावी किंवा तासभर रश्श्यात रटरटू द्यावी. दहा-पंधरा मिनिटे शिजवलेली माणकी हमखास चिवट लागते आणि आपल्या बहुतेक घरांत ती नेमकी तेवढाच वेळ शिजते.

येथे डॉक्टर म्हणून एक पुरवणी जोडतो. कच्च्या सागरी अन्नात ॲनिसाकिससारखे कृमी असू शकतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा अन्नाचे आतील तपमान ६३ अंशांपर्यंत न्यावे असे सांगितले आहे. लहान माणकीची भिंत इतकी पातळ असते की बाहेरून डाग पडेपर्यंत आतला भाग ही मर्यादा गाठतो. तेथेच थांबले तर कोलॅजेनला पुरते आक्रसायला अवधी मिळत नाही. मांस आरपार पांढरे, अपारदर्शक झाले की नाही, एवढे पाहावे.

निवड आणि सफाई

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती उठल्यावर मालीम आणि कुटबणच्या धक्क्यांवर ट्रॉलर लागू लागतात आणि बाजारात ताजी माणकी दिसू लागते. ताज्या माणकीच्या सालीवर तपकिरी-जांभळे ठिपके स्पष्ट असतात, मांस शुभ्र व किंचित पारदर्शक असते आणि वास केवळ समुद्राचा येतो. मांसावर गुलाबी छटा उतरली असेल तर सालीतील रंग आत झिरपू लागला, म्हणजे माल शिळा झाला असे समजावे. भाजण्यासाठी चार-पाच इंच लांबीची लहान माणकी उत्तम. मोठी, जाड भिंतीची माणकी रश्श्यासाठी ठेवावी. चौघांना पाऊण किलो पुरे.

एका हाताने नळी आणि दुसऱ्या हाताने डोके धरून हलकेच ओढले की आतडी व शाईची चंदेरी पिशवी डोक्याबरोबर बाहेर येते. पिशवी फुटू देऊ नये. डोळ्यांच्या खाली कापून पाय वेगळे करावेत आणि त्यांच्या मध्यभागी असलेली टणक चोच दाबून काढावी. नळीत पारदर्शक, पिसासारखे एक पाते असते. ते ओढून टाकावे. याच्या भाऊबंदांपैकी दुसऱ्या एका जातीच्या पाठीत पांढरे, ठिसूळ कवच असते. आयुर्वेदातील समुद्रफेन तो हाच. साल बोटांनी सोलली की सहज निघते. मग नळी एका बाजूने चिरून पुस्तकासारखी उघडावी आणि आतल्या अंगाला बोटभर अंतरावर आडव्या-उभ्या हलक्या चिरा द्याव्यात. त्यामुळे कोलॅजेनचा पदर तुटतो, तुकडा वेडावाकडा गुंडाळत नाही आणि मसालाही धरला जातो.

कोरडेपणाचे महत्त्व

भाजण्याचा खमंगपणा ज्या रासायनिक क्रियेमुळे येतो तिला माइयार्ड यांचे नाव आहे. लुई कामिय माइयार्ड हे फ्रेंच वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ होते. शर्करा आणि ॲमिनो आम्ले यांच्यातील ही क्रिया त्यांनी १९१२ साली वर्णिली. आपण मधुमेहींच्या रक्तात एचबीएवनसी मोजतो, तेव्हा याच क्रियेचा शरीराच्या तपमानाला महिनोन्महिने चाललेला पहिला टप्पा मोजत असतो. तव्यावर ती झपाट्याने व्हायची तर सुमारे १४० अंश तपमान लागते. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तपमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते. ओली माणकी जाळीवर टाकली तर पाणी आटेपर्यंत पाच-सहा मिनिटे जातात आणि तेवढ्यात ती चिवट होते. म्हणून धुतल्यावर स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी आणि तासभर शीतपेटीत उघडी ठेवून कोरडी होऊ द्यावी.

प्रत्यक्ष कृती

सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, थोडी मिरपूड आणि चिमूटभर हळद वाटून दोन चमचे तेलात कालवावी आणि माणकीला पातळसर चोळावी. मीठ अगदी जाळीवर टाकताना लावावे, नाहीतर पाणी सुटते. लिंबू किंवा व्हिनेगर आधी फार वेळ लावून ठेवू नये. आम्लाने प्रथिने आधीच गोठतात. पोर्तुगीज लोक आपल्या लुलास ग्रेल्यादासना लसूण, ऑलिव्ह तेल आणि लिंबू यापलीकडे फारसे काही लावत नाहीत, त्यामागे शहाणपण आहे. आपला रेशाद मसाला चविष्ट खरा, पण त्यात साखर असल्याने तो चटकन करपतो. तो हवाच असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात बोटाने पुसल्यासारखा लावावा.

कोळशावर राखेचा पांढरा थर चढला आणि जाळीवर चार बोटे उंच धरलेला तळहात दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला, की आच योग्य समजावी. जाळी तेलाच्या फडक्याने पुसून घ्यावी. चिरा नसलेली बाजू खाली ठेवून वर एखादी जड कढई टेकवावी, म्हणजे तुकडा सपाट राहतो. दीड मिनिटाने उलटावा, आणखी मिनिटभराने उतरवावा. पायांना अर्धे मिनिट जास्त लागते. एका वेळी थोडेच तुकडे टाकावेत, अन्यथा जाळी थंडावते. उतरल्यावर लिंबू पिळून लगेच वाढावे. सोबत सोलकढी असावी. शेगडी नसेल तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून हीच कृती करता येते.

पथ्यापथ्य

कच्च्या माणकीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९२ कॅलरी, साडेपंधरा ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी असते. कोलेस्टेरॉल मात्र सुमारे २३३ मिलिग्रॅम असते आणि या आकड्यामुळेच अनेक रुग्ण माणकी कायमची सोडतात. रक्तातील कोलेस्टेरॉलवर आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा प्रभाव अधिक पडतो आणि ती माणकीत अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शिकेतून रोज ३०० मिलिग्रॅमची ठरावीक मर्यादा वगळली गेली; तरी कोलेस्टेरॉलचे सेवन कमीच असावे ही सूचना तीत कायम होती. सामान्य रुग्णाला पंधरवड्यातून एकदा भाजलेली माणकी खाण्यास मी हरकत घेत नाही; आनुवंशिक कोलेस्टेरॉलविकार असलेल्यांना संयम सांगतो. संधिवाताच्या गाऊट या प्रकारात प्यूरिनमुळे ती टाळणे बरे. माणकीचे रक्त तांब्यामुळे निळे असते आणि तिच्या मांसातही तांबे भरपूर असते. म्हणून विल्सनच्या विकारात ती वर्ज्य होय.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. पहिली वावड्याची. कोळंबीचे वावडे असलेला माणूस ‘माणकी वेगळी, ती चालेल’ असे गृहीत धरतो. दोन्हींमध्ये ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असते आणि ते भाजण्याने नष्ट होत नाही. अशांना पाहुणचार करण्यापूर्वी विचारून घ्यावे. पूर्वी कोळंबीने अंगावर गांधी, घशाला सूज किंवा दम लागला असेल, तर तपासणीशिवाय माणकी देऊ नये. तीव्र प्रतिक्रिया आल्यास मांडीच्या स्नायूत ॲड्रिनॅलिन हाच पहिला उपचार. गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ दवडू नये.

दुसरी गोष्ट कोळशाची. आपल्या सदनिकांच्या बाल्कन्या आता काचेने बंदिस्त झाल्या आहेत आणि पावसाळी संध्याकाळी तेथे शेगडी पेटविण्याचा मोह होतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. धूर थांबला, निखारे विझत आले, तरी तो निघतच असतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी दिसली तर दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि रुग्णालयात न्यावे. डॉक्टरबंधूंनी ध्यानात ठेवावे की बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी प्राणवायू पुरेसा असल्याचे खोटे आश्वासन देतो. कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजूनच निदान करावे. कोळशाची शेगडी अंगणात किंवा गच्चीवर, उघड्यावरच पेटवावी आणि तेथेच पूर्ण विझवावी. बंदिस्त घरात बिडाचा तवाच बरा.

पथ्य सांगताना आपण रुग्णाच्या पानातून एकेक जिन्नस काढत जातो. त्याऐवजी तोच जिन्नस कसा करावा हे सांगता आले, तर किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या ताटातील समुद्र आटत नाही आणि डॉक्टरचा सल्लाही पाळला जातो. या हंगामात ज्यांना शक्य आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. घड्याळ मात्र हाताशी असू द्यावे!