मिर्झाराजांच्या घरी

आमचं खंडाळं लोणावळ्याशेजारचं नव्हे. हे साताऱ्याचं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. पाऊस सरला आणि हवा धुतल्यासारखी झाली, की इथल्या डोंगरावरून उत्तरेला नीरेच्या खोऱ्यापलीकडे पुरंदर आणि वज्रगड शेजारी शेजारी दिसतात. या दोन गडांबरोबर शाळेपासून एक नाव ऐकत आलोय, मिर्झाराजे जयसिंग. 1665 साली त्यांनी पुरंदराला वेढा घातला, मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले आणि जूनमधल्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण जयसिंग कुठून आले, घरी काय करत होते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांचं घर अजून उभं आहे. जयपूरपासून 11 किलोमीटरवरचा आमेरचा किल्ला, तेच ते घर.

मी बांधकामातला माणूस. वाई-मेणवलीकडच्या जुन्या वाड्यांची डागडुजी, चुन्याचा गिलावा, ढासळलेल्या कमानी पुन्हा बसवणं, यातच हयात गेली. आमेरला निघालो तेव्हा पुतण्या म्हणाला, "तात्या, पुरंदर घेणाऱ्याचा वाडा बघायला एवढ्या लांब?" त्याला म्हटलं, हो, त्याचाच बघायचाय.

आमेर एकट्या जयसिंगांचा नाही. राजा मानसिंगांनी 1592 च्या सुमारास काम काढलं आणि दक्षिण टोकाचा त्यांचा महाल 1599 मध्ये पुरा झाला. तो जाड भिंतींचा, बंदिस्त आहे. मधोमध बारा खांबांची बारादरी, भोवतीनं राण्यांची दालनं. पण लोक ज्यासाठी आमेरला गर्दी करतात तो दिवाण-ए-आम, रंगांनी भरलेली गणेश पोळ म्हणजे दरवाजा, आरसेमहाल, हे सगळं पहिल्या जयसिंगांच्या काळचं. म्हणजे आपल्या पुरंदरवाल्या जयसिंगांचं.

सूरज पोळीतून वर आलं की जलेब चौक लागतो. फौज उभी राहायची ती ही जागा. पुढं सिंह पोळ. तिच्यातून आत शिरताना वाट काटकोनात वळते. आपल्याकडं बुरुजांच्या कवेत दरवाजा लपवून जे साधतात तेच इथं या वळणानं साधलंय. धावत येणाऱ्याचा जोर मोडावा आणि हत्तीला दरवाज्यावर धडक द्यायला सरळ जागा मिळू नये. दिवाण-ए-आमच्या खांबांवरचे हत्तीच्या सोंडेच्या आकाराचे घोडे, म्हणजे आधार, सगळे बघतात, बघावेतच. मी मात्र बराच वेळ त्या वळणात उभा होतो.

आणि मग तिथला चुना. आमच्याकडं चुना आणि वाळू घाणीत मळतात, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालतात. काम टणक होतं, पण पोत खरबरीतच राहतो. आमेरच्या भिंतींवर हात फिरवला तर संगमरवर वाटावा असा गिलावा आहे. तिकडं त्याला आराइश म्हणतात. कळीचा चुना महिनोन्‌महिने पाण्याखाली मुरवायचा, रोजचं पाणी बदलायचं, मग त्यात संगमरवराची वस्त्रगाळ पूड मिसळून पातळ थर चढवायचे. शेवटचा थर ओला असतानाच अकीकाच्या दगडानं घोटत राहायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. घोटताना बसलेली तुळतुळीत कातडी त्या दगडात कायमची अडकते. त्यावर रंग द्यावा लागत नाही आणि पाण्याच्या फडक्यानं पुसली तरी ती खराब होत नाही. सिमेंटच्या भिंतीवर दर दिवाळीला रंग चढवणाऱ्या आपल्या पिढीनं ही भिंत जवळून बघावी.

जयमंदिर, म्हणजेच आरसेमहाल, याचं नाव छतातल्या आरशांवरून पडलं. चुन्यात बसवलेले ते आरशाचे तुकडे सपाट नाहीत, फुगीर आहेत. म्हणून एक ज्योत लावली तरी ती प्रत्येक तुकड्यात वेगळी उमटते. पण माझा जीव जडला तो खाली, खांबाच्या पायाशी संगमरवरात कोरलेल्या एका फुलझाडावर. वीतभर-दोन वीत उंचीचं काम. फुलांवर दोन फुलपाखरं आहेत. मार्गदर्शकानं त्या फुलासमोर पंजा धरून काही भाग झाकला आणि उरलेल्या भागात माशाची शेपटी दिसायला लागली. पंजा जरा सरकवला, तर फणा काढलेला नाग. मग हत्तीची सोंड, कमळ, सिंहाची शेपटी, मक्याचं कणीस, विंचू. एकच रेघ पाकळीची कडही आहे आणि विंचवाची नांगीही. टाकी हातात धरलेल्या माणसाला यातलं अवघड काय ते चटकन कळतं. एका आकृतीसाठी रेघ केसभर जरी खोल गेली असती, तर बाकीच्या सगळ्या बिघडल्या असत्या. तो कारागीर कोण होता, नाव कुठं कोरलेलं नाही. जयसिंगांनी असा माणूस पारखला आणि त्याला सवड दिली, एवढं तरी त्यांच्या खात्यावर मांडायला हवं.

समोरच सुखनिवास आहे. वारा संगमरवरी जाळीतून, वाहत्या पाण्यावरून आत येतो, म्हणून खोली थंड. तेच पाणी जमिनीतल्या पन्हाळीतून पुढं चारबागेतल्या झाडांना मिळतं. एका पाण्याकडून दोन कामं. हे पाणी यायचं खालच्या मावठा तळ्यातून, रहाटांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून. आमच्या सह्याद्रीत गडावरच्या कातळात टाकं खोदलं की पावसाचं पाणी साठतं. आमेरला तेवढा पाऊस नाही, म्हणून पाणी डोंगर चढवावं लागलं.

आमेर बघून खाली उतरू नये. वरच्या डोंगरावर जयगड आहे. त्याचं आजचं रूप बरंचसं नंतरच्या सवाई जयसिंगांच्या काळातलं, 1726 चं. 1720 साली ओतलेली, सुमारे 50 टनांची जयबाण तोफ तिथंच आहे. डोंगरउतारांवरचं पाणी पाटांनी आणून साठवणारी प्रचंड टाकीही तिथंच. तटावर उभं राहिलं की अख्खा आमेर पायाखाली उघडा दिसतो. वरचा डोंगर ज्याच्या हातात, आमेर त्याच्या हातात.

तिथं उभं असताना मला वज्रगड नीट समजला. 1665 च्या मार्चअखेर मोगलांनी पुरंदराला वेढा घातला, तेव्हा जयसिंगांनी ओळखलं की आधी शेजारचा वज्रगड घेतला पाहिजे, कारण तिथून पुरंदराची माची तोफांच्या टप्प्यात येते. जयसिंगांबरोबरच्या दिलेरखानाच्या फौजेनं मोठ्या मुश्किलीनं तोफा वर चढवल्या आणि 14 एप्रिलला वज्रगड पडला. पुरंदराचं दुखणं तिथून सुरू झालं. मला वाटतं, ज्याच्या घराच्या डोक्यावरच डोंगर आहे त्या माणसाला ही गोष्ट वेगळी शिकावी लागली नसेल. पुस्तकात वज्रगडाचं एक वाक्य असतं. जयगडाच्या तटावरून ते वाक्य दिसतं.

आमेर 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे. चित्तोड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोण आणि जैसलमेर हे त्याचे जोडीदार. आपले 12 किल्ले 2025 मध्ये त्या यादीत आले. साताऱ्याचा त्यात प्रतापगड आहे, पुरंदर नाही. यादीत नसला तरी पुरंदर बघावा, आणि आमेर बघून आल्यावर पुन्हा बघावा.

पुतण्याला परत आल्यावर आणखी एक गोष्ट सांगितली. 1666 साली महाराज आग्र्याला गेले ते जयसिंगांनी दिलेल्या शब्दावर. तिथं त्यांची हमी घेतली होती जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांनी, आणि महाराज निसटल्यावर औरंगजेबाची खप्पामर्जी रामसिंगांनी सोसली. त्यांच्या माणसांनी आग्र्याहून आमेरला धाडलेली राजस्थानी पत्रं जयपूरच्या दप्तरात सापडली. दरबारात महाराज कसे बोलले, लोक त्यांच्याविषयी काय म्हणत होते, हे आज आपल्याला त्यातून कळतं. पुतण्या म्हणाला, हे कुणी शिकवलं नाही. मलाही शाळेत शिकवलं नव्हतं.

जयसिंगांना आमेर पुन्हा दिसलं नाही. विजापूरच्या मोहिमेत यश आलं नाही, बादशहानं त्यांना दख्खनेतून परत बोलावलं आणि 28 ऑगस्ट 1667 रोजी वाटेत बुऱ्हाणपूरला ते वारले. तिथं नदीकाठी त्यांची छत्री आहे. बुऱ्हाणपूर भुसावळपासून फार लांब नाही. दिवाळीनंतर पुतण्याला घेऊन तिकडं जायचं ठरवलंय.