येत्या रविवारची गाण्याची बैठक : आठवडाभराची तयारी

रविवारी संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये शास्त्रीय गाण्याची बैठक ठरली आहे. गायिका ठरल्या आहेत, साथीला तबला आणि संवादिनी आहे, आणि आयोजनाचे काम आपल्या वाट्याला आले आहे. आपण गाणे शिकलेले नसाल तरी काळजी करू नका. गाणे कलाकार सांभाळतील. ते ऐकणाऱ्यांपर्यंत नीट पोचावे यासाठी जे लागते, ते मात्र बहुतेक सगळे आपल्या हातात आहे, आणि एका आठवड्यात ते शांतपणे करता येते.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात गाणे होते. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. अशा ठिकाणांनी मोठे कलाकार लोकांसमोर आणले. पण तिथवर पोचण्याआधी गाणाऱ्याला साठ-सत्तर श्रोत्यांसमोर पुनःपुन्हा बसावे लागते, आणि ऐकणाऱ्याचा कानही अशाच लहान बैठकींत तयार होतो. म्हणून आपली बैठक लहान असली तरी ती नीटनेटकी व्हायला हवी.

सोमवार : कलाकारांशी सविस्तर बोला

पहिला फोन गायिकेला करा आणि उत्तरे वहीत लिहून घ्या. त्या किती वेळ गाणार, मध्यंतर हवे का, तानपुरे त्या आणणार की आपण मिळवायचे, साथीदारांना कोण कळवणार, हे सगळे स्पष्ट विचारा. तबलजींना कळवायचे काम दोघांनीही एकमेकांवर सोडलेले असते, असा घोटाळा नेहमी होतो.

‘आपली पट्टी कोणती?’ हा प्रश्न विसरू नका. गायकाचा ‘सा’ पेटीच्या ज्या सुरावर असतो, ती त्याची पट्टी. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास गातात, तर गायिका काळी चार, पांढरी सहा, काळी पाच अशा पट्ट्यांमध्ये.

ही पट्टी तबलजींना त्याच दिवशी कळवा. तबल्याचा सूर हातोडीने चढवता-उतरवता येतो, पण फार तर एखाद्या पट्टीने. वेगळ्या सुरासाठी वेगळ्या तोंडाचा तबला लागतो आणि तो घरून निघतानाच बरोबर घ्यावा लागतो. आयत्या वेळी पट्टी कळली, तर तबलजींचा नाइलाज होतो.

मानधनही आजच बोलून घ्या. साथीदारांचे मानधन वेगळे द्यायचे की एकत्र, गाडीभाडे त्यात धरले आहे का, पैसे कार्यक्रमाच्या दिवशी मिळणार का, हे आधी ठरले की रविवारी कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. तबला आणि संवादिनी वाजवणाऱ्यांना तितक्याच आदराने विचारा, कारण बैठक तिघांची असते.

मंगळवार : परवानगी आणि शेजारी

ध्वनिवर्धक वापरणार असाल तर सोसायटीच्या समितीची लेखी संमती घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात परवानगीसाठी काय लागते ते विचारा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली लागू झाले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल, तर नियमाने सूट दिली आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता मोजण्याचे माप.

बैठक गच्चीवर किंवा अंगणात असेल तर ती ६ ला सुरू करून साडेनऊपर्यंत संपवण्याचा बेत ठेवा. १० ही हद्द आहे. तिला टेकून कार्यक्रम आखला तर शेवटची भैरवी घाईत उरकावी लागते.

हॉलला लागून राहणाऱ्या घरांत आज स्वतः जाऊन सांगा. कोणाकडे आजारी माणूस असेल, कोणाच्या मुलाची परीक्षा असेल. आधी विचारले की लोक समजून घेतात आणि बऱ्याचदा स्वतःच ऐकायला येतात.

कार्यक्रमात सिनेगीते किंवा भावगीतेही असतील तर हक्कांचा प्रश्न आजच पाहा. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्या संगीतकाराची असू शकते. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. आपला कार्यक्रम त्यात बसत नसेल, तर परवान्याची चौकशी आधीच करावी.

बुधवार : जागा मोजा

टेप घेऊन हॉलमध्ये जा. खाली बसणाऱ्या माणसाला पाय मोकळे करण्यासह साधारण सहा चौरस फूट जागा धरा. हॉल वीस बाय तीस फुटांचा, म्हणजे सहाशे चौरस फुटांचा असेल, तर बारा बाय आठचा मंच आणि ये-जा करायची वाट वगळून सत्तरच्या आसपास माणसे आरामात बसतात. शंभर बोलावली, तर गुडघ्याला गुडघा लागतो आणि पाऊण तासात चुळबुळ सुरू होते.

खुर्च्या मागे आणि कडेला मांडा. गुडघेदुखीमुळे खाली बसता न येणारे बरेच जण असतात, त्यामुळे एक तृतीयांश जागा खुर्च्यांसाठी धरलेली बरी. खुर्च्यांची रांग मधोमध आली, तर मागे खाली बसलेल्यांना मंच दिसत नाही.

हॉलमध्ये उभे राहून एकदा टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर समजा की उघड्या भिंती आणि फरशी तो परतवत आहेत. जाड पडदे, सतरंज्या आणि भरलेला हॉल यांनी हा घुमारा कमी होतो. पंखे चालू करूनही ऐका. करकरणारा पंखा आज दुरुस्त करता येतो, रविवारी नाही.

गुरुवार : आवाजाची व्यवस्था

श्रोते चाळीस-पन्नास आणि हॉल लहान असेल तर आधी गायिकेला विचारा, ‘माइकशिवाय चालेल का?’ बिनमाइकच्या बैठकीत तानपुऱ्याचा नाद आणि आवाजातले बारकावे जसे ऐकू येतात, तसे कुठल्याही यंत्रातून येत नाहीत.

माइक लागणार असेल तर साउंडवाल्यांना नेमके सांगा : गायिकेसाठी एक, पेटीसाठी एक, तबला आणि डग्ग्यासाठी एकेक, आणि जमल्यास तानपुऱ्यासाठी एक. शिवाय मंचावर कलाकारांकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर हवा. त्याला मॉनिटर म्हणतात. कलाकाराला स्वतःचा आणि साथीदारांचा आवाज त्यातून ऐकू येतो. तो नसला की गाणारा अंदाजाने गातो.

मिरवणुकीचा आणि बैठकीचा आवाज वेगळा असतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. गाण्याला घुमवणारा ‘इको’ नको. ठोका छातीवर आदळेल इतका डग्गाही नको. शेवटच्या रांगेत शब्द स्वच्छ पोचले की आवाज पुरेसा झाला.

माइकमधून येणारी कर्कश शिट्टी हा सर्वांत नेहमीचा त्रास. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि वाढत जातो, म्हणून ती येते. उपाय साधा आहे : श्रोत्यांसाठीचे स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचे, आणि मॉनिटरचा आवाज लागेल तेवढाच ठेवायचा.

शुक्रवार : निमंत्रण पाठवा

निमंत्रणात वार, तारीख, ठिकाण, कलाकारांची नावे, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहा. साथीदारांची नावे वगळू नका आणि प्रत्येक नावाचे लेखन कलाकारांकडूनच तपासून घ्या. प्रवेश विनामूल्य आहे की स्वेच्छामूल्य आहे, हेही स्पष्ट लिहा. स्वेच्छामूल्य म्हणजे ज्याने त्याने आपल्या खुशीने पेटीत टाकायची रक्कम.

‘६ वाजता’ लिहिले तर ६ लाच सुरू करा. आपल्याकडे रागांना वेळ असते. मारवा, पूरियाधनाश्री हे सांजवेळेचे राग, यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, बागेश्री आणि मालकंस त्यानंतरचे. कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू झाला, तर गायिकेने मनाशी धरलेला मारवा राहून जातो.

शनिवार : मंच आणि बिछायत

मंच फूटभर उंच पुरतो. त्यावर सतरंजी आणि स्वच्छ पांढरी चादर घाला. जाड गादी घालू नका, कारण गादीवर तबला डुगडुगतो आणि पेटी कलते. कोण कोणत्या बाजूला बसणार हे कलाकारांनाच ठरवू द्या.

कलाकारांसाठी हॉललगत एक खोली मोकळी ठेवा. तिथे आरसा, प्यायला कोमट पाणी आणि वाद्ये उघडून ठेवण्यापुरती जागा असावी. गाण्याआधी काय खाणार हे विचारा, आग्रह करू नका. भरल्या पोटी श्वास नीट पुरत नाही, म्हणून अनेक गायक कार्यक्रमानंतरच जेवतात.

वीज गेली तर काय, याचा विचार आजच करा. बॅटरीवरचे दोन दिवे पुरतात. बिनमाइकचे गाणे अंधारात थांबत नाही, पण वाटेतल्या वायरींत पाय अडकून कोणी पडू शकते.

रविवार : चारपासून सहापर्यंत

वाद्ये दीड तास आधी हॉलमध्ये आणून ठेवा. तानपुऱ्याचे लाकूड आणि तारा, तबल्याचे कातडे या सगळ्यांवर हवेचा परिणाम होतो. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, वातानुकूलित खोलीत सूर सरकतो. ज्या हवेत वाजायचे, त्या हवेत वाद्य थोडे मुरू द्यावे लागते. वाद्ये पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोताखाली ठेवू नका.

पाच वाजता कलाकारांना मंचावर बसवून आवाजाची तपासणी करा. एकेक वाद्य वेगळे ऐका, मग सगळी एकत्र. आपण स्वतः शेवटच्या रांगेत बसून ऐका. फोनवरचा तानपुरा वापरणार असाल तर त्या फोनवर एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन आलापीत तो खणाणतो.

मग कलाकार वाद्ये जुळवतील. तानपुऱ्याला बहुधा चार तारा असतात : पहिली सहसा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. मालकंसात पंचम नसतो, म्हणून त्या रागासाठी पहिली तार मध्यमाला लावतात. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखालचा बारीक दोरा सरकवून नाद खुला करतात. याला जवारी लावणे म्हणतात. हे काम सावकाशच होते. त्या वेळी जवळ जाऊन बोलू नका.

सहा ते नऊ : बैठक

स्वागत पाच मिनिटांत आटपा. लहान बैठकींचा रस सर्वांत जास्त इथे जातो. वाद्ये सुरात लावून कलाकार मंचावर बसतात आणि दीपप्रज्वलन, मनोगत, आभार, सत्कार यांत अर्धा तास निघून जातो. तेवढ्यात सूर उतरतात, गाणाऱ्याचे मन विखुरते आणि श्रोतेही थकतात. शाल-श्रीफळ मध्यंतरात द्या आणि बोलायला एकच माणूस ठेवा.

हॉलमधले दिवे पूर्ण घालवू नका. गाणाऱ्याला समोरचे चेहरे दिसले पाहिजेत. समेवर हललेली मान, मनापासून आलेली ‘वा’ त्याच्यापर्यंत पोचते आणि गाणे पुढे जाते. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे गायक आणि तबलजी येऊन मिळतात.

नवख्या श्रोत्यांना सुरुवातीला दोन वाक्यांत क्रम सांगा. आधी विलंबित लयीतला बडा ख्याल येईल, त्यात राग हळूहळू उलगडेल. मग द्रुत लयीतला छोटा ख्याल. मध्यंतरानंतर दुसरा राग, एखादे नाट्यपद किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. पहिली दहा मिनिटे संथ वाटतील हे माहीत असले की माणूस उठून जात नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी दाराशी एक जण उभा ठेवा. त्याने त्यांना दोन बंदिशींच्या मध्येच आत सोडावे. चहा फक्त मध्यंतरात. गाणे चालू असताना रांगेतून फिरणारा ट्रे सगळ्यांचे लक्ष खेचतो.

ध्वनिमुद्रण करायचे असेल तर कलाकारांना आधी विचारा, आणि ते इतरांना पाठवायचे असेल तर पुन्हा वेगळे विचारा. आपल्या सादरीकरणावर कलाकाराचा कायद्यानेही हक्क असतो.

सोमवारी उरलेले काम

मानधनाची पाकिटे कार्यक्रम संपताच, चारचौघांत गाजावाजा न करता दिलेली असावीत. वाद्ये गाडीत नीट ठेवली गेली ना, हे आपण स्वतः बघा. सोमवारी तिन्ही कलाकारांना फोन करून आभार माना, हिशेब सोसायटीच्या फलकावर लावा आणि काय कमी पडले ते त्याच वहीत लिहा.

आणि त्याच दिवशी पुढची तारीख ठरवा. एकदाच झालेला कार्यक्रम लोकांच्या बोलण्यात आठवडाभर राहतो. दर दोन-तीन महिन्यांनी ठरल्या रविवारी होणारी बैठक मात्र हळूहळू स्वतःचे श्रोते घडवते. आज आईबरोबर आलेली मुलगी तिसऱ्या वेळी आपण होऊन पुढे बसते, शेजारचे आजोबा यमन ओळखू लागतात, आणि गावातल्या तरुण तबलजीला वाजवायला हक्काची जागा मिळते. आठवड्यातले थोडे तास आणि एक वही यांच्या बळावर आपण हे करू शकतो, आणि ते करण्यासारखे आहे.