मणामागे एक शेर

पायी चालून चांगल्या कामासाठी पैसा उभा करायचा, ही कल्पना आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांपर्यंतही पोचली आहे. परदेशातला कोणी तरुण शेकडो किलोमीटर चालतो, ओळखीचे लोक किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देतात आणि ती रुग्णालयाला किंवा अनाथांना जाते, असे व्हिडिओ मोबाईलवर येतात. ते पाहून वर्गातली मुले आम्हाला विचारतात, आपणही चालायचे का? कोणी अजमेरचे नाव घेतो, कोणी नागपूरच्या ताजबागचे.

मुलांचा उत्साह चांगला आहे, तो मोडू नये. पण चालायला लागण्याआधी त्यांनी दोन गोष्टी ऐकाव्यात असे आम्हाला वाटते. एक आपल्या दीनमधली आहे आणि दुसरी आपल्याच जिल्ह्यातून गेलेल्या एका रस्त्याची.

दीनमधली गोष्ट छोटी आहे. एक वृद्ध गृहस्थ दोन मुलांच्या खांद्यांवर भार टाकून कसेबसे चालत होते. पैगंबर (स.) यांनी विचारले, हे काय चालले आहे? कळले की त्यांनी काबागृहापर्यंत पायी जाण्याचा नवस बोलला आहे. तेव्हा पैगंबरांनी सांगितले की या माणसाने स्वतःला असे छळावे याची अल्लाहला काही गरज नाही, आणि त्यांना वाहनावर बसायला लावले. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. हजला पायी येणाऱ्यांचा उल्लेख कुरआनमध्ये आदरानेच आला आहे, म्हणजे पायी जाण्याला मनाई नाही. पण नुसते पाय झिजवणे ही इबादत नव्हे. आपण कोणासाठी चाललो आणि चालल्याने कोणाच्या घरात काय पडले, हे पाहावे लागते.

आता दुसरी गोष्ट. मार्च १९५१ मध्ये विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी निघाले. गाडी नाकारून ते पायीच गेले. तेलंगणात तेव्हा जमीनदार आणि भूमिहीन यांच्यात रक्तपात चालू होता. तेलंगण म्हणजे आपल्याला परका मुलूख नव्हे. आपला राजुरा तालुका त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यातच, आदिलाबाद जिल्ह्यात होता. चांदा जिल्हा होता मध्य प्रदेशात, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडायचे होते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याआधी विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारले, तुमच्यापैकी कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. भूदान सुरू झाले ते इथून. पुढे ५१ दिवसांच्या त्या यात्रेत १२,२०१ एकर जमीन मिळाली. परततानाच, जून १९५१ मध्ये, वरोऱ्याला त्यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. म्हणजे देशभर गाजलेल्या त्या चालण्याचा अगदी पहिला टप्पा आपल्या दारावरून गेला आहे, आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नसते.

सप्टेंबर १९५१ मध्ये ते पुन्हा निघाले, ते १९६४ मध्ये पवनारला परतले. मधली जवळपास तेरा वर्षे हा माणूस चालत होता. पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचे, उन्हं चढायच्या आत पुढच्या गावी पोचायचे. वाटेत तीर्थेही आली. १९५८ मध्ये पंढरपूरला ते विठ्ठलाच्या देवळात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक मुस्लिम भगिनीही आत गेली. त्याआधी जगन्नाथपुरीला सोबतच्या परधर्मीय बाईंना प्रवेश नाकारला गेल्यावर ते स्वतःही दारातून परत फिरले होते. १९५९ मध्ये अजमेरच्या दर्गाह शरीफमध्ये त्यांना बोलावणे आले. १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून चालत गेले. तिथे मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांना जमीन दिली.

आपल्या वाचकांना आणखी एक सांगायला हवे. विनोबांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले होते. फाळणीनंतर १९४८ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या मेवातच्या मेव मुसलमानांना पुन्हा वसवण्यासाठी ते तिथे जाऊन राहिले. १९६२ मध्ये त्यांचे ‘कुरआन-सार’ निघाले. पुस्तक बाहेर येण्याआधीच कराचीच्या ‘डॉन’ वृत्तपत्राने त्यावर झोड उठवली, आणि इथल्या मुस्लिम पत्रांनी, पाहिल्याशिवाय टीका कशी करता, असे विचारले. त्यांच्या निवडीशी कोणाचे मतभेद असतील, पण आदराने वाचणारा माणूस होता यात शंका नाही.

आम्ही विनोबांची आठवण काढतो ती मात्र मागण्याच्या पद्धतीसाठी. किलोमीटरमागे रुपये ही कल्पना त्यांना पसंत पडली नसती. चालणाऱ्याच्या कष्टाची कीव येऊन कोणी द्यावे, असे त्यांनी केले नाही. जमीनदाराच्या अंगणात बसून ते म्हणत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. सहाव्या मुलाला कोणी भीक घालत नाही, त्याचा हिस्सा असतो. दान म्हणजे सम्यक विभागणी हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ ते वारंवार सांगत. आपल्याला हे ऐकताना नवे वाटू नये. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा आपल्या मालात हक आहे, कुरआनने ‘हक’ हाच शब्द वापरला आहे. जकात देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचे त्याला परत करतो.

पैसा तर त्यांनी हातातही घेतला नाही. लोक रोकड देऊ लागले तेव्हा त्यांनी संपत्तिदान काढले. त्यात पैसा देणाऱ्याकडेच राहायचा. दरवर्षी उत्पन्नातला ठरलेला वाटा त्यानेच गरिबांसाठी खर्च करायचा आणि हिशेब कळवायचा. फंड नाही म्हणजे फंडावरून भांडण नाही. मशिदीच्या किंवा मदरशाच्या कमिटीत कधी काम केलेल्या वाचकांना या युक्तीची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे ग्रामदान आले. त्याच्या सुलभ रूपात शेतकऱ्याने जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांना द्यायचा. उरलेली जमीन त्यानेच कसायची, पण मालकी गावाच्या नावावर. पिकाचा चाळीसावा भाग ग्रामकोषात टाकायचा आणि मजुराने महिन्यातली एक दिवसाची मजुरी द्यायची. जुन्या मापात मण म्हणजे चाळीस शेर, म्हणून लोकांना सांगताना ‘मणामागे एक शेर’ असे सांगत. चाळीसावा भाग! शेकडा अडीच! हा आकडा आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असतो. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या जागेवरून आले आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायचा आमचा दावा नाही. पण एवढे देऊन कोणाचे घर बसत नाही आणि सगळ्यांनी दिले तर गावात कोणी उपाशी राहत नाही, असा तो आकडा आहे.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची कडू आहे, आणि मुलांना तीच जास्त सांगायला हवी. देशभरात भूदानात सुमारे ४२ लाख एकर जमीन मिळाल्याचे सांगितले जाते. तिचा मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. काही खडक निघाली, काही नदीपात्रात, काहींवर आधीच कोर्टकज्जे होते. काही दात्यांनी सभेत हात वर केले आणि विनोबा पुढच्या गावी गेल्यावर कागदावर सही केली नाही. आपल्या विदर्भासाठी मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा १९५३ मध्ये झाला. भूदानात मिळालेली जमीन विकता येत नाही असे त्यात बंधन आहे, आणि तरीही भूदानाच्या जमिनी बळकावल्याच्या तक्रारी आजही होतात. वक्फचेही असेच नाही का? हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांनी (स.) सल्ला दिला की मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न सदका कर. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. नियम इतका स्वच्छ असून वक्फच्या जमिनींचे काय झाले ते आपण पाहतोच. मिळवणाऱ्याचे पाय थकत नाहीत, पण वाटणारा आणि राखणारा कमी पडतो.

म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहायला हवे. धानोरा तालुक्यातले हे छोटे गोंड गाव. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेले ते देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक, वर्ष २००९. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१३ मध्ये, ग्रामदानाचे नाव बाकीचा महाराष्ट्र विसरून गेला असताना, या गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. तिथे कोणी मोठा माणूस चालत येऊन मागायला बसला नव्हता. अनेक वर्षे अभ्यास गट चालवून, प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीने घेत, गाव तिथवर आले. पाहुणा गेल्यावर मागे हटणारे इथे कोणी नव्हते, कारण पाहुणाच नव्हता.

आनंदवनाचीही तीच तऱ्हा. बाबा आमटे १९४९ मध्ये सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन वरोऱ्याच्या दगडाळ माळावर गेले. आधी विहीर खोदली. दयेच्या पैशाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, हे त्यांचे म्हणणे होते.

मग मुलांना काय सांगायचे? चाला, जरूर चाला. पण अजमेरला कशाला, आपल्याच तालुक्यात चाला. पैगंबरांनी (स.) हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना सांगितले होते की तिथल्या श्रीमंतांकडून जकात घेऊन तिथल्याच गरिबांना परत करायची. आपल्याकडे रमजानमध्ये दूरदूरच्या शहरांतून पावतीपुस्तके घेऊन सफीर येतात, त्यांना आपण देतो, द्यावेही. पण गडचिरोलीपासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि अहेरी, आलापल्ली, सिरोंच्याच्या बाजूला दोन-चार मुस्लिम घरांच्या वस्तीतली विधवा बाई कोणाच्याच यादीत नसते. तिच्यापर्यंत पावतीपुस्तक जात नाही, पाय जाऊ शकतात. शेजारी गोंड किंवा माना कुटुंब उपाशी असेल तर सदका त्यांनाही पोचतो, तिथे नाव विचारायचे कारण नाही.

आणि दिवस निवडा धान निघण्याचे. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावलीकडे आपले जे शेतकरी आहेत त्यांच्या घरी जकातीची चर्चा होते, उश्रची होत नाही. उश्रला रमजानची वाट पाहावी लागत नाही, तो पीक हाती येते त्या दिवशीचा आहे. पावसावर पिकले तर दहावा भाग, मोटर किंवा इंजिनने पाणी दिले तर विसावा. बोडीचे किंवा मामा तलावाचे पाणी पाटाने आपोआप आले तर कोणता हिशेब, आसोलामेंढ्याच्या कालव्याचे पैसे भरले तर कोणता, आणि मुळात आपल्या देशातल्या जमिनीवर उश्र कसा लागतो, याबद्दल उलमांची मते एक नाहीत. ते आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावे. विचारायला गेलात तरी अर्धे काम होईल.

एक सावधगिरीची गोष्ट आई-वडिलांसाठी. विनोबांसारखे पहाटे कंदील घेऊन निघणे आपल्या जंगलपट्ट्यात आता चालणार नाही. ताडोबाच्या भोवती आणि ब्रह्मपुरीकडे वाघ माणसावर येतो, हे सर्वांना माहीत आहे. ऊन वर आल्यावर, मोठ्या रस्त्याने, घोळक्याने, एखादा मोठा माणूस बरोबर घेऊन निघावे, आणि सूर्य मावळायच्या आत परतावे. उन्हाळ्यात तर नावच काढू नये.

पैसा गोळा करू नका. एक वही घ्या. डाव्या पानावर कोणाच्या खळ्यावर किती धान झाले आणि त्याने किती द्यायचे कबूल केले, उजव्या पानावर त्याच गावात ते कोणाच्या घरी पोचले. फोटो काढू नका, घेणाऱ्याचा तर मुळीच नको. पुढच्या वर्षी त्याच वहीतल्या त्याच घरांना पुन्हा जा, आणि आधी उजवे पान वाचा.