लगद्याची टोपली

चैत्र लागला की आमच्या धुळ्याच्या घरी माय माळ्यावरची रद्दी खाली काढायची. वर्षभराची वर्तमानपत्रं, आम्हा भावंडांच्या संपलेल्या वह्या, लग्नपत्रिका. आखाजी झाली की बिबडे, कुरडया, उडदाचे पापड सुरू व्हायचे. ते ठेवायला टोपल्या हव्यात, आणि त्या विकत आणायच्या नाहीत, हे ठरलेलं.

कागद फाडून मोठ्या माठात चार दिवस भिजत पडायचा. मी दुसऱ्याच दिवशी हात घालायला गेले की माय म्हणायची, "भिजू दे वं पोरी, घाई नको करू." मग तो पिळून उखळात कुटायचा. अक्षर दिसेनासं झालं की लगदा झाला. त्यात रात्रभर भिजवून वाटलेली मेथी आणि पांझरेकाठची चिकणमाती. मेथीतून सुटणारा चिकट बुळबुळीतपणा कागदाचे धागे धरून ठेवतो, आणि कडूपणामुळे कीड जवळ येत नाही, असं माय सांगायची. घमेलं पालथं घालून त्यावर ओलं लुगडं पसरायचं आणि बोटभर जाडीचा थर थापायचा. काठ मात्र जरा जाड, कारण टोपली उचलताना हात तिथेच पडतो.

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा मी हे सगळं हौसेने सासरी केलं, पण आषाढात. पंख्याखाली ठेवलेल्या टोपलीला आठवड्यात बुरशी आली आणि ती फेकावी लागली. तेव्हापासून हे काम उन्हाळ्यातच. पारा 44 अंशांवर जातो, त्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. मात्र पहिला दिवस सावलीतच. एकदम कडक ऊन लागलं तर वरचा थर आवळतो, आतला ओलाच राहतो आणि तडे जातात.

आता मी एक किलो कागदाला पाव किलो मेथी घेते. वहीचा कागद सगळ्यात चांगला. गुळगुळीत मासिकांची पानं नीट मुरत नाहीत. छापील कागदाची शाई अन्नाला लागू नये, म्हणून पापड ठेवण्याआधी आत स्वच्छ सुती कापड अंथरते. 2018 च्या नियमांनी तर अन्न वर्तमानपत्रात बांधायलाच मनाई केली आहे. रंगाचंही तसंच. घराच्या रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीचे उरलेले डबे कितीही भरलेले असले तरी अशा कामाला वापरू नयेत.

माय गेरूचे दोन हात द्यायची. वाळल्यावर कडुलिंबाच्या काडीला कापूस गुंडाळून चुन्याने वेल काढायची, आणि वेलीच्या टोकाला आखाजीचा झोका. काश्मीरमध्ये लगद्याची वस्तू घडवण्याला सख्तसाजी म्हणतात आणि ती रंगवण्याला नक्काशी. दोन्हींचे कारागीर वेगळे. आमच्याकडे थापणारा आणि रंगवणारा हात एकच होता. म्हणून मायची वेल टोपलीच्या फुगीर भागावर अशी वळायची की कुठे थर पातळ आहे, हे तिच्या हाताला आठवत असावं. तिथे ती काडी अगदी हलकी टेकवायची.

माझी नात यंदा केळीचा घड रंगवते आहे. जळगावची मुलगी, दुसरं काय काढणार! परवा तिने मायची जुनी टोपली शोधून काढली. काठाचा गेरू पार गेलेला, एका जागी कागद सुटलेला. "आजी, हिला मी नवीन रंग देते," म्हणत ती ब्रश घेऊन बसली. मी तिचा हात थांबवला. सुटलेल्या जागी आधी लगदा भरायचा, तो वाळू द्यायचा, मग रंग.

आम्ही दोघींनी तिच्या गेल्या वर्षीच्या गणिताच्या वह्या फाडून बादलीत टाकल्या आहेत. आज दुसरा दिवस. ती सारखी जाऊन बोट बुडवून बघते, आणि माझ्या तोंडून आपोआप तेच शब्द निघतात, "भिजू दे वं पोरी."