निवृत्तीनंतरची परदेशसेवा

मिशनरी म्हटले की तरुण चेहरा डोळ्यांसमोर येतो. पण अमेरिकेतील युटा राज्यात मुख्यालय असलेल्या मॉर्मन मंडळीतून निवृत्त जोडपीही परदेशी सेवेला जातात. त्यांच्या व आपल्या शिकवणीत मोठा फरक आहे. तरी त्यांच्या दिनक्रमातून मला शिकण्यासारखे पुष्कळ वाटते.

ही सेवा ६ ते २३ महिन्यांची असते आणि खर्च जोडपे स्वतः करते. तरुण मिशनरी सकाळी साडेसहाला उठून ठरलेल्या वेळापत्रकाने चालतात. ज्येष्ठांवर ती सक्ती नसते. कोणी कार्यालयातले हिशेब पाहतात, कोणी तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांवर लक्ष ठेवतात, कोणी पिण्याच्या पाण्याच्या किंवा चाकांच्या खुर्च्यांच्या मदतकार्यात असतात. शिवाय स्वयंपाक, धुणे, बाजारहाट आणि स्वतःची औषधे आहेतच. घरी नातवंड जन्मले तर आनंद फोनवरच साजरा होतो.

आमच्या पाड्यांवरही दर वेळी उपदेशकच लागतो असे नाही. रेशनकार्डाचा अर्ज भरून देणारे, बाळंतिणीबरोबर दवाखान्यात थांबणारे कोणी मला हवे असते. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक किंवा परिचारिका असतील, तर त्यांना विचारून पाहा. सहा महिने मिळाले तरी पाड्याला मोठा आधार होईल.