मुरुमांचा वारसा

डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत लटकत, घामाघूम होऊन येणाऱ्या मित्राचा चेहरा एकदम स्वच्छ, आणि हॉस्टेलवर दिवसातून चार वेळा फेसवॉश लावणाऱ्याच्या गालांवर पिंपल्सच पिंपल्स! असं का? "तेलकट खातोस, तोंड धूत नाहीस," हे आपलं ठरलेलं उत्तर. खरं कारण बरंचसं आई-बाबांकडून आलेलं असतं.

वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी छिद्रं बुजतात, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे कमी-अधिक सगळ्यांच्याच बाबतीत होतं. पण ग्रंथी हार्मोनला किती दाद देणार, सूज किती येणार, हे बऱ्याच अंशी जीन्स ठरवतात. 'पिंपल्सचा जीन' असा एकच नसतो. अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो. म्हणून सख्ख्या भावंडांतही फरक दिसतो.

2002 साली ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींच्या दीड हजारांवर जोड्यांचा अभ्यास झाला. मुरुमांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला 81 टक्के अनुवंशिकतेमुळे असल्याचं त्यात निघालं. याचा अर्थ तुमच्या शंभर पिंपल्सपैकी 81 बाबांचे, असा नव्हे! हा आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे, एकट्या तुमचा नाही.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. 2002 मध्येच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर 1200 जण तपासले, मुरूम एकालाही नव्हते. त्यांच्या जेवणात साखर-मैदा जवळजवळ नव्हताच. एवढ्यावरून आहार हेच कारण असं म्हणता येत नाही, पण वडापावातल्या वड्यापेक्षा पावावर संशय जास्त!

खरा धोका वेगळाच आहे: रूममेटने दिलेलं 'गोरं करणारं' क्रीम. त्यात स्टिरॉइड असेल तर चेहरा आधी उजळतो, मग पुरळ उसळतं आणि त्वचा पातळ होते. अशी अनेक क्रीम्स 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

घरात कोणाच्या गालांवर मुरुमांचे खड्डे असतील, तर वाट पाहू नका. लवकर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग महिनोन् महिने राहतात, फोडलेत तर अधिकच. औषधाला दोन-तीन महिने द्या. आणि मित्राला "तोंड धूत नाहीस का?" असं विचारणं आजपासून बंद.