गाडी दारात उभी, तरी टोल कापला? आधी हे करा

गाडी अंगणात उभी, मालक शेतात आणि मोबाईलवर मेसेज – टोलचे पैसे कापले! 'शंभर रुपयांसाठी कुठं भांडत बसायचं' म्हणून अनेकजण सोडून देतात. पण चुकून कापलेले पैसे परत मागता येतात.

असं होतं कसं? काचेवरचा फास्टॅग मशीनने वाचला नाही, तर नाक्यावरचा कर्मचारी गाडीचा नंबर हाताने टाकतो. त्यात एक आकडा चुकला की दुसऱ्याच्याच खात्यातून पैसे जातात. जुनी गाडी विकली आणि टॅग बंद केला नाही, तरी भुर्दंड आधीच्या मालकालाच.

मग काय करायचं? मेसेज डिलीट करू नका. नाक्याचं नाव, तारीख, वेळ टिपून ठेवा. राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ हेल्पलाईनवर आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिथं तक्रार करा. तक्रार क्रमांक मागून घ्या.

आणखी एक नियम लक्षात असू द्या. टॅग चालू नसेल तर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट टोल लागत असे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट. मात्र टॅग चालू आहे, बॅलन्सही आहे आणि नाक्याचंच मशीन बंद असेल, तर २०१८ च्या नियमानुसार गाडी फुकट सोडावी लागते. शून्य रुपयांची पावतीही द्यावी लागते. तेव्हा अशा वेळी पैसे देऊ नका, पावती मागा.